फिशटँक हँग झाला तर?

लाइट, हीटर, फिल्टर सगळं मोबाइलवरून चालतं, म्हणून आपण निवांत झोपतो. पण घरातल्या माशांची काळजी घेणारं ते ‘स्मार्ट’ मशीनच दगा देतं तेव्हा? जानेवारीतल्या एका रात्रीची गोष्ट, आणि त्या रात्रीने शिकवलेलं बरंच काही.

सकाळचे सात. गॅसवर चहाचं आधण ठेवलं आणि सवयीने हॉलमधल्या फिशटँककडे पाहिलं. एरवी मला बघून काचेशी गर्दी करणारे मासे सगळेच्या सगळे वर, पाण्याच्या टोकाशी. तोंडं उघडी, कल्ले भराभर हलतायत. चौदा निऑन टेट्रांपैकी तीन तळाशी आडवे.

मोबाइल उचलला. ॲपवर ठळक अक्षरांत ‘हीटर ऑफ’. आणि त्याच्याच खाली, ‘तापमान ३१.५’!

पुण्यातली थंडी, हीटर बंद आणि पाणी साडेएकतीस अंश? रात्री झोपताना तर ते २६ होतं. कंट्रोलरने १ वाजून ४० मिनिटांनी इमानेइतबारे अलार्मही पाठवला होता. पण फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर. कामाच्या ग्रुप्सनी झोपमोड करू नये म्हणून मीच लावलेला.

गडबडून आईला फोन केला. तिला माशांचं कौतुक बेताचंच. पण पहिला मुद्दा तिनेच काढला, ‘‘अगं, फोनमध्ये काय बघत बसलीयेस? काचेला हात लावून बघ ना!’’

ताप बघायला कपाळाला लावतात तसा हात लावला. काच चांगलीच गरम. आत हीटरचा लाल दिवा मजेत पेटलेला. म्हणजे कंट्रोलर म्हणतोय ऑफ, आणि हीटर आपला चालूच!

गडबड कुठे झाली?

ॲक्वेरियम कंट्रोलर हे प्रकरण दिसतं तेवढं गूढ नाही. पाण्यात एक प्रोब असतो, तो तापमान मोजतो. छोटा कॉम्प्युटर ते वाचून निर्णय घेतो. आणि रिले नावाचा स्विच हीटरची वीज जोडतो किंवा तोडतो. या तिघांपैकी एकाने जरी मान टाकली, तरी बाकीचे दोघं काही करू शकत नाहीत.

माझ्याकडे रिले गेला होता. त्याच्या आत धातूचे दोन ठिपके एकमेकांना चिकटतात आणि सुटतात. दर वेळी बारीकशी ठिणगी उडते. असं हजारो वेळा झालं की कधीतरी ते ठिपके वितळून कायमचे चिकटतात. मग कॉम्प्युटरने कितीही वेळा ‘ऑफ’ म्हटलं तरी वीज चालूच राहते. आणि ॲप दाखवतं ते कॉम्प्युटरने सोडलेलं फर्मान. ते पाळलं गेलं की नाही, हे त्याला ठाऊकच नसतं.

यात माझे दोन घोळ. तापमान जरा जास्तच काटेकोर हवं म्हणून मी ०.१ अंशाच्या फरकावर हीटर चालू-बंद करायला लावला होता. त्यामुळे रिले दिवसभर टिकटिक करत झिजला. आणि कंट्रोलर आहेच म्हणून हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट थेट ३२वर नेऊन ठेवला होता. म्हणजे दुसरं कुलूप मीच काढून टाकलं होतं!

हिशेब सोपा आहे. दीडशे लिटर पाण्यात २०० वॅटचा हीटर सलग चालला, तर बाहेर जाणारी उष्णता सोडून दिली तरी तासाला साधारण एक अंश वाढतो. रात्रभराची झोप त्याला पुरेशी होते. वर पाणी जितकं गरम, तितका त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना सुमारे ७.६. नेमकी त्याच वेळी माशांची ऑक्सिजनची गरज वाढलेली असते. म्हणून ते वर येऊन तोंडं उघडत होते.

पहिली पंधरा मिनिटं

अशा वेळी ॲपशी खेळत बसू नका. हीटरचा प्लग थेट भिंतीतून काढा. वीज तोडल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही, काहीही झालं तरी! मग झाकण उघडा, एअर पंप लावा आणि टेबलफॅनचा वारा पाण्यावर सोडा. त्याने पाणी हळूहळू निवतं आणि ऑक्सिजनही मिसळतो.

मी फ्रीजमधून बर्फाचा ट्रे काढलाच होता. बरं झालं, थांबले. तापमान एकदम उतरलं की माशांना दुसरा धक्का बसतो. तासाला अंशभर उतरलं तरी पुरे. मेलेले मासे लगेच बाहेर काढा. अँटी-क्लोरिन घालून १५-२० टक्के पाणी बदला, तेही सावकाश. त्या दिवशी खाणं बंद. पुढचे दोन-तीन दिवस टेस्ट किटने अमोनिया तपासत राहा.

मोठ्यांकडेही होतं

हे फक्त आपल्यासारख्या हौशी लोकांचंच होतं असं नाही बरं का. २०१५च्या जुलैमध्ये शिकागोजवळच्या ब्रुकफिल्ड झूमध्ये पाण्यातला ऑक्सिजन एकाएकी घटला आणि ५४ स्टिंगरे मेले. तिथे लाइफ सपोर्ट यंत्रणा होती आणि तज्ज्ञ माणसंही होती. हाताशी वेळ मात्र फार थोडा होता. आपल्या घरी तर यंत्रणा एकच आणि माणूस झोपलेला!

हे आजच करून ठेवा

• हीटरला दुसरं कुलूप : कंट्रोलर २६वर असेल तर हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट २७वर ठेवा. रिले चिकटला तरी हीटर आपला आपण थांबेल.

• एकाऐवजी दोन : २०० वॅटच्या एका हीटरऐवजी १०० वॅटचे दोन, वेगवेगळ्या सॉकेटवर. एक बिघडला तरी पाणी उकडणार नाही आणि गारठणारही नाही.

• सेटिंग सैल सोडा : ०.१ऐवजी अर्ध्या अंशाचा फरक ठेवा. माशांना काही कळत नाही, रिलेचं आयुष्य मात्र वाढतं.

• साधा थर्मामीटर : काचेतून दिसणारा, कुठल्याही वायरला न जोडलेला. प्रोब खोटं बोलायला लागला की हाच साक्षीदार.

• फॉलबॅक तपासा : मुख्य युनिटशी संपर्क तुटला तर कुठला प्लग चालू राहावा आणि कुठला बंद व्हावा, हे चांगल्या कंट्रोलरमध्ये ठरवून ठेवता येतं. फिल्टर चालू, हीटर बंद, असं असू द्या.

• सेलवरचा एअर पंप : लाइट गेली की ॲप, कंट्रोलर, वाय-फाय सगळे एकदमच जातात. फिल्टर काही तास बंद राहिला असेल, तर सुरू करण्यापूर्वी त्यातलं साचलेलं पाणी टाकून द्या. स्पंज टँकमधल्याच पाण्यात खळबळा, नळाखाली नको.

• फोनची परवानगी : ‘डू नॉट डिस्टर्ब’मधून ॲक्वेरियमच्या ॲपला सूट द्या. बॉसला नाही दिली तरी चालेल!

आणि मग?

चौदापैकी नऊ निऑन वाचले. दोन एंजलफिश आठवडाभर कोपऱ्यात रुसून बसले होते, आता पुन्हा दादागिरी करतायत. कंट्रोलर मी फेकून दिलेला नाही. रिलेचं युनिट बदललं आणि तो पुन्हा कामाला लागला. शेवटी त्या रात्री जागं राहून हाक मारणारा घरात तो एकटाच होता. ऐकायला कोणी नव्हतं, एवढंच.

खरं सांगायचं तर तो आणल्यापासून मी टँककडे बघणंच सोडून दिलं होतं. ट्रेनमधून, कॅफेतून ॲपवरचे आकडे बघायचे आणि खूश व्हायचं. मासे कुठे पोहतायत, खातायत का, रंग उतरलाय का, हे कुठल्याच प्रोबला कळत नाही. त्याला फक्त दोन मिनिटं लागतात आणि एक स्टूल.

सध्या सकाळी चहाचं आधण ठेवलं की मी त्या स्टुलावर जाऊन बसते. आधी मासे मोजते. नऊ आणि दोन, अकरा. मग काचेला हात लावते. मोबाइल त्यानंतर.