हाताला काम, मनाला रसायन
वार्धक्यातील कृतज्ञता, आशा आणि सर्जन यांविषयी काही विचार

दवाखान्यात येणारा वृद्ध रुग्ण आपली तक्रार बहुधा गुडघ्यांपासून सांगू लागतो. मग झोप, मग मलावष्टंभ, मग हातापायांची आग. नाडी आणि जिव्हा पाहून आपण औषधपत्र लिहू लागतो, तोच तो सहज बोलून जातो, ‘आता आमचं काय राहिलंय, वैद्यबुवा!’ गुडघ्यांना तेल मिळते, कोठ्याला एरंडस्नेह मिळतो. त्या शेवटच्या वाक्याला मात्र आपल्याकडून काहीच मिळत नाही. जराचिकित्सेला अष्टांगांत स्वतंत्र स्थान देणाऱ्या परंपरेचे आपण पाईक आहोत. तेव्हा त्या वाक्याची चिकित्साही आपल्याच कक्षेत येते, असे आम्हांस वाटते.

एक अपुरी चिकित्सा

काही वर्षांपूर्वी जळगावजवळच्या एका गावातील आजी आमच्याकडे येत असत. वय पंचाहत्तरीच्या पुढचे. निद्रानाश, अरुची, अंगमर्द, कृशता अशी लक्षणे होती आणि वातवृद्धी स्पष्ट होती. अभ्यंग, बस्ती, अश्वगंधासिद्ध दूध असा क्रम आम्ही तीन महिने चालविला. अंगदुखीस उतार पडला. झोप मात्र येईना आणि अन्नावर वासना बसेना. पुढच्या भेटीत सूनबाई सोबत नव्हत्या. त्या दिवशी आजी म्हणाल्या, ‘घरात मले कोनी कामाले हातच लावू देत नाही.’

घर सुखवस्तू होते. मुलगा मातृभक्त, सून प्रेमळ. आईने जन्मभर कष्ट उपसले, आता तिने बसून खावे, एवढाच त्यांचा हेतू. परंतु या सद्भावनेने आजींच्या हातून चूल गेली, धान्य निवडणे गेले, अंगणातील झाडांना पाणी घालणेही गेले. आणि आम्ही प्रत्येक भेटीत ‘पूर्ण विश्रांती’ असे लिहून त्यात भर घालीत होतो!

दिवस उन्हाळ्याच्या आरंभाचे होते. घरोघरी वाळवणाची धांदल चालली होती. आम्ही मुलाला बोलावून सांगितले, की यंदा बिबडे आजींच्या देखरेखीखाली होऊ द्या. पातेली उचलण्याचे काम तरुणांनी करावे. ज्वारीचा घाटा शिजला की नाही, तीळ-लसूण किती घालावा, कापडावर बिबडा किती पातळ थापावा, हे आजींनी सांगावे. सारे पहाटेच्या गारव्यात व्हावे आणि ऊन चढण्यापूर्वी त्यांनी घरात यावे. औषधे पूर्वीचीच ठेवली. महिनाभरात आहार सुधारला, झोप सलग चार तासांवर आली. गुडघे होते तसेच राहिले. एका रुग्णावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु ग्रंथ पुन्हा उघडून पाहण्यास एवढे निमित्त पुरेसे होते.

शास्त्राची दृष्टी

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंचविसाव्या अध्यायात अग्र्य द्रव्यांची व भावांची गणना आहे. तेथे रोग वाढविणाऱ्यांत विषाद, शोषण करणाऱ्यांत शोक आणि प्रीणन करणाऱ्यांत हर्ष श्रेष्ठ म्हटला आहे. ज्या यादीत दूध, तूप आणि मध येतात, त्याच यादीत हे मनोभाव आले आहेत. आचार्यांनी त्यांना वेगळ्या कप्प्यात टाकलेले नाही. आपण मात्र द्रव्ये औषधपत्रावर लिहितो आणि भाव उपदेशावर सोडून देतो.

विमानस्थानाच्या आठव्या अध्यायातील सत्त्वसार पुरुषाचे वर्णनही या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. स्मृती, भक्ती, प्रज्ञा आणि महान उत्साह यांच्या पंक्तीत तेथे कृतज्ञता सांगितली आहे. सारपरीक्षेत तिचा समावेश असल्यामुळे ती केवळ शिष्टाचार उरत नाही. वैद्याने तपासावयाची ती एक खूण ठरते. कृतज्ञता आणि स्मृती यांचे नातेही उघड आहे. आपल्याला काय मिळाले हे ज्याला आठवते, तोच कृतज्ञ असतो. म्हणून वृद्धाला जुन्या आठवणी सांगू देणे म्हणजे वेळेचा अपव्यय नव्हे.

शार्ङ्गधराने वयाच्या दशकांनुसार काय काय ऱ्हास पावते, याचा क्रम दिला आहे. त्यात त्वचा आणि दृष्टी आधी जातात. बुद्धीचा क्रमांक त्यांच्या बराच नंतर येतो. तेव्हा डोळे मंदावले म्हणून आजोबांच्या निर्णयशक्तीलाही सेवानिवृत्त करण्यास शास्त्राचा आधार नाही.

रसायनाचे कुटीप्रावेशिक आणि वातातपिक असे दोन विधी आपण सर्वच शिकलो आहोत. पहिल्यात माणूस जगापासून दूर, कुटीत राहतो; दुसऱ्यात तो वारा-ऊन सोशीत, नित्य व्यवहार सांभाळीत रसायन घेतो. चिकित्सास्थानातील रसायनाध्यायाच्या चौथ्या पादात सांगितलेले आचाररसायन तर बाजारात मिळतच नाही. ते दिनचर्येतच सिद्ध करावे लागते. वार्धक्यातील मनाला लागणारे रसायन याच जातीचे, म्हणजे वातातपिक आहे, असे आमचे मत झाले आहे.

आसोद्याची लेक

याचे उदाहरण शोधण्यास आपल्याला जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या आसोदे गावी झाला. विवाहानंतर त्या जळगावच्या चौधरी कुटुंबात आल्या. लिहिणे-वाचणे त्यांना येत नव्हते. ऐन तारुण्यात वैधव्य आले. मुले आणि शेती यांचा भार अंगावर पडला. अशा जीवनात जाते, चूल, पेरणी, सुगरणीचा खोपा, माहेरची वाट आणि माणसाचे मन हे त्यांच्या गाण्यांचे विषय झाले. गाणे रचण्यासाठी त्यांनी कामातून सवड काढली नाही. हातातील कामाच्या लयीतच गाणे आले. जमीन, बी आणि दारची जनावरे यांच्याविषयीचा कृतज्ञभावही त्यांना वेगळा शिकावा लागला नाही.

त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव चौधरी, आणि एक आप्त यांनी त्यांतील काही गाणी वेळोवेळी उतरवून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई निवर्तल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्रे यांना दाखविली आणि १९५२ साली अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. पुढे २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. निरक्षर कवयित्रीचे नाव विद्यापीठाला लाभले. परंतु तिने स्वतःचे छापील पुस्तकही कधी पाहिले नव्हते. म्हणून आशा म्हणजे फळाची हमी, असा अर्थ करणे चुकीचे होईल. पेरणाऱ्याला पावसाचे वचन मिळालेले नसते, तरीही तो पेरतो. खानदेशातील कोरडवाहू शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

उत्तरायुष्यातील निर्मितीची मोठी उदाहरणेही येथे आहेत. उद्योजक भवरलाल जैन हृदयविकार सोसूनही कार्यमग्न राहिले, आणि जळगावचे गांधीतीर्थ २०१२ साली खुले झाले तेव्हा त्यांचे वय चौऱ्याहत्तर होते. परंतु असे भव्य कार्य प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही आणि रसायनासाठी त्याची आवश्यकताही नाही. रुग्णाच्या अंगणात जे शक्य आहे, तेच वैद्याने शोधावे.

सणवारांचा उपयोग

यासाठी आपल्या प्रदेशाचे सणवार मोठे साहाय्यक आहेत. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात. त्या वेळची गाणी आज बहुधा थोरल्या बायकांनाच पाठ असतात. कानबाईच्या उत्सवाचे रीतिरिवाज आणि खापरावरचे मांडे करण्याचे कसब यांचेही तसेच आहे. ‘नातीला दोन गाणी शिकवा आणि पुढच्या वेळी तिला घेऊन या,’ असे सांगितले की आजींना वाट पाहण्यासारखे काही मिळते. पोळ्याला बैलाची पूजा करणाऱ्या शेतकरी आजोबांना कृतज्ञतेवर व्याख्यान देण्याची गरज नसते; ‘तुमची पहिली बैलजोडी कोणती?’ एवढे विचारले तरी पुरे होते.

व्यवसायबंधूंना विनंती

वृद्ध रुग्णाच्या इतिवृत्तात तीन प्रश्नांची भर घालावी : दिवसभरात हातून काय घडते? कोणाची आठवण चांगली येते? पुढे कशाची वाट पाहता? उत्तरे लिहून ठेवावीत आणि पुढील भेटीत तीच पुन्हा विचारावीत. विश्रांती लिहिताना तिच्यासोबत बल, ऋतू आणि अग्नी पाहून एखादे कामही लिहावे. जळगावच्या उन्हाळ्यात ते सकाळी लवकरच उरकावे. नातेवाइकांना बाजूला घेऊन, कोणते काम काढून घेतले आहे याची चौकशी करावी. मंडूकपर्णी, यष्टीमधु, गुडूची, शंखपुष्पी ही मेध्य रसायने योग्य रुग्णास अवश्य द्यावीत; ती या कामाची साथीदार आहेत, पर्याय नव्हेत.

एक सावधगिरीही हवी. प्रत्येक उदास वृद्धाला काम देऊन भागत नाही. श्रवण-दृष्टीचे दोष, मधुमेह, थायरॉइडचे विकार आणि चालू असलेली अन्य औषधे यांचा विचार प्रथम करावा. स्मृतिभ्रंश वाढत असेल, खोल नैराश्य किंवा जीवन संपविण्याची भाषा असेल, तर विलंब न लावता मानसरोगतज्ज्ञांकडे पाठवावे.

औषधी दुकानदार बंधूंचा वाटाही लहान नाही. अनेक वृद्ध वैद्यापेक्षा दुकानाच्या पायरीवर अधिक वेळा येतात. तेथे एक स्टूल, पुडीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलेली मात्रा आणि ‘तारुण्य परत’ अशा आश्वासनांचा अभाव, एवढे तरी आपण निश्चित करू शकतो.

त्या आजी पुढे कित्येक महिने येत राहिल्या. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी पिशवीतून बिबड्यांची एक चवड काढून आमच्या मेजावर ठेवली आणि सांगितले, की यातले निम्मे नातसुनेने थापले आहेत. त्या दिवशी औषधपत्रावरील ‘पूर्ण विश्रांती’ हे शब्द आम्ही स्वतःच्या हाताने खोडले.