अंगणातले अध्यापनमंदिर : बोर्डी-कोसबाडचे ग्राम बाल शिक्षा केंद्र

शाळेत जाण्यापूर्वीच्या वयातील, म्हणजे साधारणपणे अडीच ते सहा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणाचा मुळापासून विचार करणाऱ्या महाराष्ट्रातील संस्थांमध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्राचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे १९४५ च्या अखेरीस सुरू झालेले हे केंद्र पुढे दहा-बारा वर्षांनी जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि तेथेच रुजले. आज देशभर रूढ असलेली अंगणवाडी येथल्या प्रयोगातून निघाली, एवढी माहिती स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांतही सापडते. मात्र अंगणात शाळा भरवण्याइतकेच, किंबहुना त्याहून अवघड असे काम केंद्राने केले ते त्या अंगणात मुलांसमोर बसणारी शिक्षिका घडवण्याचे, आणि संस्थेच्या कीर्तीत नेमके तेच झाकले गेले आहे.

केंद्राच्या संस्थापक ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांची बालशिक्षणाची दीक्षा महाराष्ट्रात झालेली नव्हती. राजकोट येथील महिला अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदावर काम केल्यानंतर त्या १९२३ मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती या संस्थेत गेल्या. तेथे वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेले गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी १९२० पासून बालमंदिर चालवले होते. १९२६ मध्ये या दोघांनी नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली, ‘शिक्षण पत्रिका’ काढली आणि मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधील एका गरीब वस्तीत सिद्ध केलेली पद्धती भारतीय मुलांपर्यंत आणली. ही पद्धती त्यांनी जशीच्या तशी मात्र उचलली नाही. मॉन्टेसरींना लहान वयात कल्पित कथांचे वावडे होते, तर गिजुभाईंनी गोष्टीला बालमंदिराच्या दिनक्रमात मानाचे पान दिले आणि लोकगीत, नाट्य व नृत्य यांनाही त्यात जागा केली. पुढे मुंबईला परतल्यावर ताराबाईंनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केले. ते शहरी, सुशिक्षित आणि बहुतांशी मध्यमवर्गीय पालकांच्या मुलांचे होते, आणि ताराबाईंना पुढे खुपू लागली ती हीच मर्यादा.

ग्रामीण प्रयोगात नेमके काय बदलले ते समजण्यासाठी मॉन्टेसरी पद्धतीतील साधन म्हणजे काय, हे थोडे जवळून पाहणे आवश्यक आहे. एका लांबट लाकडी ठोकळ्यात दहा खाचा असतात आणि त्या खाचांत दहा दंडगोल बसतात. प्रत्येक दंडगोलाला वर धरायला बोंडासारखी मूठ असते आणि त्यांची जाडी क्रमाक्रमाने कमी होत जाते. मूल सगळे दंडगोल बाहेर काढते, मिसळते आणि पुन्हा आपापल्या खाचेत बसवू पाहते. एखादा बारीक दंडगोल रुंद खाचेत गेला तर तो आत सैल डुगडुगतो आणि शेवटी एक जाडा दंडगोल असा उरतो की त्याला कोणतीच खाच घेत नाही. म्हणजे चूक झाली हे साधनच सांगते, शिक्षिकेला बोलावे लागत नाही, आणि मूल कोणाच्याही रागालोभाशिवाय पुन्हा सुरुवात करते. ज्या साधनाच्या रचनेतच चूक दाखवण्याची सोय असते त्याला स्वयंशोधक साधन म्हणतात. डोळा, बोटे, कान यांना सूक्ष्म भेद ओळखण्याचा सराव देणाऱ्या या सगळ्या खटाटोपाला इंद्रियशिक्षण अशी संज्ञा आहे. जेमतेम धरता येईल अशी ती मूठ तीन बोटांच्या चिमटीत पकडताना पुढे पेन्सिल धरायची तयारी आपोआप होते, ही त्यातली आणखी एक खुबी. अशी साधने उत्तम लाकडाची आणि काटेकोर मापाची असावी लागतात, कारण मापात थोडी जरी ढिलाई झाली तरी साधन खोटे बोलू लागते. साहजिकच ती महाग पडतात.

दादरला हे परवडत होते, बोर्डीला परवडणारे नव्हते. गुजरातच्या सीमेजवळचे हे समुद्रकाठचे गाव चिकूच्या वाड्यांसाठी प्रसिद्ध असले, आणि गोखले एज्युकेशन सोसायटीच्या हायस्कूलमुळे व आचार्य भिसे यांच्यासारख्या शिक्षकांमुळे तेथे शिक्षणाचे वातावरण असले, तरी गावाच्या कडेला दलितांची वस्ती होती आणि मागच्या डोंगरपट्ट्यात वारली व इतर आदिवासींचे पाडे होते, जेथे वेठबिगार अजून संपलेली नव्हती. त्याच १९४५ साली याच टापूत गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा लढा उभा राहिला. एकाच वर्षी, काही कोसांच्या अंतरात, एक चळवळ प्रौढांना सावकार-जमीनदाराच्या हातून सोडवू पाहत होती आणि एक संस्था त्यांच्या लेकरांना आंघोळ घालून गाणी शिकवू पाहत होती. या दोहोंच्या मार्गांत अंतर पुष्कळ होते, पण एकीच्या कामाकडे पाहताना दुसरीला विसरणे इतिहासाला धरून होणार नाही.

ताराबाईंचे वय तेव्हा त्रेपन्न होते. त्यांच्याबरोबर आल्या अनुताई वाघ (१९१०–१९९२). पुणे जिल्ह्यातील मोरगावच्या अनुताई तेराव्या वर्षी विवाहित आणि त्यानंतर काही महिन्यांतच विधवा झालेल्या, शिक्षिका होऊन स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या. कस्तुरबा ट्रस्टच्या बोरिवली येथील शिबिरात दोघींची गाठ पडली आणि तेथून सुरू झालेला सहवास ताराबाईंच्या मृत्यूपर्यंत टिकला. ताराबाईंना पद्मभूषण (१९६२) आणि अनुताईंना पद्मश्री (१९८५) मिळाली, त्यामुळे संस्थेचा इतिहास या दोन नावांभोवतीच सांगितला जातो. ते काही अंशी अपरिहार्य असले तरी दहा-पंधरा मुलांपुढे रोज सकाळी जाऊन बसणाऱ्या ज्या बायकांवर प्रयोग उभा होता, त्यांची नावे त्यामुळे मागे पडली.

बालवाडी सुरू झाली आणि मुले येईनात. जी येत ती वेळेवर येत नसत. आई-बाप पहाटेच मजुरीला गेलेले, धाकटे भावंड कडेवर, अंगावर वस्त्र असेलच असे नाही, अशा मुलाने ठरलेल्या वेळी ठरलेल्या इमारतीत यावे ही अपेक्षाच चुकीची आहे हे लवकर ध्यानात आले, आणि तेव्हा बालवाडीच वस्तीत नेण्याचा निर्णय झाला. वस्तीतल्याच एखाद्या घरापुढील अंगणात, मुलांच्या सोयीच्या वेळी भरणारी ती अंगणवाडी. तिचा पहिला पाठ अक्षरांचा किंवा आकारांचा नसे. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे, खरूज असेल तर औषध लावणे हाच पहिला पाठ असे, आणि दलित वस्तीतल्या मुलाला शिक्षिकेने स्वतःच्या हाताने न्हाऊ घालण्यात त्या काळी जो सामाजिक अर्थ होता तो वेगळा सांगायला नको.

साधनांच्या बाबतीत केंद्राने परिसराकडे पाहिले. किनाऱ्यावरचे शंख-शिंपले, चिंचोके, गुंजा, निरनिराळ्या झाडांची पाने, नदीतले गोटे, बांबूच्या कांड्या, माती, कापडाच्या चिंध्या यांतून आकार, रंग, संख्या, स्पर्श आणि नाद यांची साधने तयार झाली. झाकणाच्या डब्यांच्या जोड्या करून त्यांत तांदूळ, खडे, वाळू असे काहीबाही भरले की सारख्या आवाजाच्या जोड्या लावण्याचा खेळ तयार होतो, आणि त्याला जवळजवळ काही खर्च येत नाही. ही काटकसर पुढे इतकी गाजली की ‘कमी खर्चाचे बालशिक्षण’ हीच कोसबाडच्या विचाराची ओळख बनली. मात्र या ओळखीत एक धोका आहे. दंडगोलाचा ठोकळा स्वतःच मुलाची चूक दाखवतो, चिंचोके तसे काही करत नाहीत. दहा चिंचोक्यांच्या जागी नऊ मांडले तर चिंचोका डुगडुगत नाही. पानांची वर्गवारी मुलाने कशाच्या आधारे केली, कडेच्या दातऱ्यांवरून की रंगावरून की उगाच, हे पान सांगत नाही, ते शिक्षिकेने ओळखावे लागते आणि न रागावता, उत्तर न सांगता, मुलाला पुन्हा पाहायला लावावे लागते. म्हणजे साधन जितके स्वस्त, तितकी ते वापरणारी व्यक्ती अधिक तयारीची हवी. ठोकळ्याच्या लाकडात जी अक्कल सुताराने घातलेली असते ती येथे बाईच्या नजरेत असावी लागते.

म्हणूनच केंद्राच्या कामात शिक्षिकांच्या प्रशिक्षणाला मध्यवर्ती स्थान मिळाले. बालवाडी चालवणाऱ्या स्त्रीला बालसेविका म्हटले जाई, आणि ती शक्यतो त्याच भागातली असावी, मग तिचे शालेय शिक्षण थोडे असले तरी चालेल, असा या विचाराचा रोख होता. बाहेरून आलेली पदवीधर बाई पावसाळ्यात पाड्यावर टिकत नाही, आणि टिकली तरी मुलांची बोली तिला कळत नाही. वारली मूल घरी बोलते ती भाषा आणि पुस्तकातली मराठी यांत बरेच अंतर असल्याने, पहिल्या दिवसापासून प्रमाण भाषेचा आग्रह धरला तर मूल गप्प बसते, आणि गप्प बसलेल्या मुलाला काय येते हे कोणालाच कळत नाही. स्थानिक स्त्रीला ही अडचण मुळातच नसते. तिला शिकवायचे ते दुसरेच : मुलाकडे पाहणे. वीस मिनिटे एका मुलापाशी बसून त्याने काय उचलले, काय टाकले, कोणाकडे पाहिले, कोठे अडले हे टिपणे आणि त्यावरून उद्या त्याच्यापुढे काय ठेवायचे ते ठरवणे ही निरीक्षणाची सवय ऐकून लागत नाही, ती चालत्या बालवाडीत, अनुभवी शिक्षिकेच्या शेजारी बसूनच लागते. जोडीला साधने स्वतः करणे, गोष्ट हावभावांसह सांगणे, बडबडगीतांना ताल धरणे, चित्र पुरे झाले की नाही हे मुलालाच ठरवू देणे, आणि संध्याकाळी पालकांच्या झोपडीत जाऊन बोलणे. यांतले शेवटचे काम सर्वांत कठीण असावे, कारण ते पाठ करून येत नाही.

कोसबाडला गेल्यावर प्रयोग रुंदावला. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तेव्हा शिक्षकाने साहित्य घेऊन गुरचरणावर जायचे आणि गुरे चरत असताना तेथेच शिकवायचे, ही कुरणशाळा. थोरल्या मुली शाळेत येत नाहीत कारण धाकटी भावंडे सांभाळायची असतात, तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणायच्या, म्हणजे बहीण भावंडाला घेऊनच येईल, ते पाळण्यात राहील आणि ती वर्गात बसेल, ही विकासवाडी. यात आणखी एक लाभ होता, तो असा की पाळण्यातले मूल वाढत वाढत बालवाडीत आणि तेथून पहिलीत जाताना त्याला नवी इमारत, नवी माणसे, नवी शिस्त असा धक्का बसत नसे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ या वयाचा जो एकसंध ‘पायाभूत स्तर’ कल्पिला आहे, त्याचे हे कितीतरी आधीचे आणि, खरे सांगायचे तर, अधिक व्यवहारी रूप होय.

१९७२ मध्ये मीना स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने शालापूर्व बालकांच्या विकासासंबंधीचा अहवाल केंद्र सरकारला दिला आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ गटांत एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक शालापूर्व शिक्षण या सहा सेवा ज्या केंद्रातून द्यायच्या त्याला अंगणवाडी हे नाव मिळाले. कुपोषणाच्या विळख्यातल्या देशात आहाराला अग्रक्रम मिळाला यात वावगे काही नाही. उपाशी मुलापुढे नादाचे डबे ठेवण्यात अर्थ नसतो, हे कोसबाडलाही ठाऊक होते. पण सहा सेवांच्या यादीत शेवटी असलेले शिक्षण प्रत्यक्षातही शेवटीच राहिले. सेविकेच्या वाट्याला वजनकाटा, आहाराचा साठा, गरोदर मातांच्या नोंदी, सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे असे एकेक येत गेले, आणि प्रशिक्षण म्हणजे बहुतांशी नोंदवह्या कशा भरायच्या याचे मार्गदर्शन होऊन बसले. स्वस्त साधनांचा विचार शासनाला मानवला, कारण त्यात पैसे वाचत होते. त्या विचाराची दुसरी बाजू, म्हणजे वाचलेले पैसे बाईच्या तयारीवर लावावे लागतात ही, मागे राहिली. सेविकेचे काम ‘मानसेवी’ आणि तिचा मोबदला ‘मानधन’ मानला गेला. अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, लागू होते हे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले ते २०२२ मध्ये.

कोसबाडचा धागा तुटला मात्र नाही. अनुताईंनी १९८२ मध्ये प्रा. रमेश पानसे यांच्यासह स्थापन केलेल्या ग्राममंगल या संस्थेने डहाणू तालुक्यातील ऐने येथून बालशिक्षण आणि शिक्षक प्रशिक्षण या दोन्ही अंगांनी काम पुढे नेले. शासकीय पातळीवर २०२० च्या धोरणाने अंगणवाडी सेविकांना शिक्षिका म्हणून घडवण्याचा मुद्दा प्रथमच इतक्या स्पष्टपणे मांडला : बारावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्या सेविकेसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्या सेविकेसाठी एक वर्षाची पदविका. कमी शिकलेल्या स्त्रीला नाकारण्याऐवजी तिला अधिक वेळ द्यावा, हे त्यामागील तत्त्व थेट बोर्डीच्या परंपरेतले वाटते. मात्र हे प्रशिक्षण मुख्यतः दूरचित्रवाणीच्या वाहिन्या आणि स्मार्टफोन यांच्याद्वारे दूरस्थ पद्धतीने व्हावे आणि महिन्यातून किमान एकदा प्रत्यक्ष संपर्कवर्ग घ्यावा, असेही त्याच धोरणात म्हटले आहे. गाणे, गोष्ट किंवा साधन बनवण्याची कृती पडद्यावरून पोचू शकते. मुलापाशी बसून त्याचे निरीक्षण करायला शिकवण्यासाठी मात्र चालू बालवाडी आणि तीत शेजारी बसलेली जाणती शिक्षिका लागते, आणि अशा सराव-बालवाड्या प्रत्येक तालुक्यात कोणी उभ्या करायच्या, त्यांचा खर्च कोणी उचलायचा, याबाबत धोरणात काही नाही.