बरे झाल्यानंतरचे आजारपण

चिमूरहून नागपूर शंभर किलोमीटरच्या आसपास, आणि जिल्ह्याचे ठिकाण चंद्रपूर हेही त्याहून फारसे जवळ नाही. या अंतराला मनोरुग्णाच्या आयुष्यात जो अर्थ आहे तो नकाशावर दिसत नाही. समजा, तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातला तिशीतला माणूस हळूहळू बोलेनासा होतो, रात्ररात्र जागतो, शेजारी आपल्यावर करणी करीत आहेत असे म्हणू लागतो. घरचे प्रथम त्याला मांत्रिकाकडे नेतात. मग कोणी शहाण्याने सांगितल्यावरून नागपूरला. १८६४ साली सुरू झालेल्या तेथील मनोरुग्णालयात औषधे सुरू होतात, झोप येऊ लागते, कानांतले आवाज मंदावतात, आणि काही आठवड्यांनी तो गावी परततो. येथवरची हकीकत सर्वांच्या परिचयाची आहे. कोणी सांगत नाही ती हकीकत यानंतर सुरू होते.

महिन्याभराच्या गोळ्या संपत येतात. पुन्हा नागपूरला जायचे म्हणजे दोघांचे एस.टी.चे भाडे आणि दोघांचीही बुडालेली मजुरी. ऐन रोवण्याच्या दिवसांत तर घरातले एक माणूसही मोकळे नसते. गोळ्यांनी अंग जड होते, हात कापतात. चिखलात वाकून धान लावणाऱ्याला हे परवडत नाही. शिवाय तो आता बरा दिसतो. मग बऱ्या माणसाला औषध कशाला, असा सरळ हिशेब होतो आणि गोळ्या थांबतात. काही महिन्यांनी आजार उलटतो, आणि गाव निष्कर्ष काढते की डॉक्टरी उपायांनी वेड जात नाही. वस्तुतः येथे औषध हरलेले नसते. हरलेली असते ती औषध माणसापर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था.

नैराश्याची गोष्ट याहून मुकी आहे. छिन्नमनस्कतेचा रुग्ण निदान गावाच्या नजरेस येतो. खिन्नतेने ग्रासलेली स्त्री पाणी भरते, भाकरी थापते, आणि फार तर ‘तिचे कशात मन नाही’ एवढेच तिच्याविषयी बोलले जाते. पुरुषाला आळशी ठरविले जाते. तो दारूकडे वळला तर मूळ दुखण्याचे नावही कोणी घेत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी आली आणि २०२१ साली उठली. दोन्ही वेळी रणे माजली, परंतु पिणाऱ्यांपैकी किती जण मुळात आजारी आहेत हा प्रश्न त्या गदारोळात कोणाला सुचल्याचे दिसले नाही. नैराश्यावरील औषधांचा गुण दिसू लागण्यास दोन ते चार आठवडे लागतात आणि बरे वाटू लागल्यावरही ती कित्येक महिने चालू ठेवावी लागतात. एवढी साधी गोष्ट रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगणारे माणूस जवळपास नसेल, तर पहिल्या आठवड्यातच गोळ्या कोनाड्यात जातात.

यावर ठरलेले उत्तर असते : मनोविकारतज्ज्ञ नेमा. मागणी रास्त आहे. पण २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात लाख लोकसंख्येमागे एकही मनोविकारतज्ज्ञ पुरता पडत नव्हता, आणि जे आहेत ते शहरांत एकवटलेले आहेत. (ज्या बारा राज्यांत ते सर्वेक्षण झाले त्यांत मध्य प्रदेश आणि छत्तीसगड होते, महाराष्ट्र नव्हता, ही गोष्ट आपल्या पुढारलेपणाच्या अभिमानाला शोभणारी नव्हे.) तज्ज्ञाची वाट पाहत बसण्यापेक्षा तज्ज्ञाच्या देखरेखीखाली सामान्य माणसांकडून काय काय होऊ शकते, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल. आणि ते पाहून झालेले आहे.

छिन्नमनस्कतेच्या २८२ रुग्णांवर गोवा, सातारा आणि तामिळनाडूतील कांचीपुरम येथे झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. काही रुग्णांना केवळ रुग्णालयातील उपचार मिळाले. इतरांच्या घरी, त्या उपचारांच्या जोडीला, प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते जात राहिले. त्यांनी औषधांची आठवण दिली, घरच्यांना आजार समजावला, रुग्णाला कामाकडे आणि चारचौघांत वावरण्याकडे वळविले. वर्षाअखेर या दुसऱ्या गटातील लक्षणे आणि परावलंबित्व अधिक कमी झाले. फरक डोळे दिपविणारा नव्हता, माफकच होता. पण तो सर्वांत ठळक दिसला तो कांचीपुरमच्या ग्रामीण भागात, जेथे एरवी सोयींचा दुष्काळ होता. चिमूरसारख्या तालुक्याने लक्षात ठेवावे असे त्या अभ्यासातले हेच आहे.

दुसरा दाखला तर विदर्भातलाच आहे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा उपक्रम चालला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर नैराश्याविषयी बोलायला आरंभ केला आणि गरजूंना समुपदेशक व डॉक्टर यांच्यापर्यंत नेले. आधी नैराश्यग्रस्तांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोक मदत घेत होते. नंतरच्या पाहणीत हे प्रमाण २७.२ टक्के आढळले. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या एका प्रयोगाने दाखविले की, मानसशास्त्राची पदवी नसलेले परंतु नीट शिकविलेले समुपदेशक तीव्र नैराश्यही हलके करू शकतात. त्यांची रीत साधी होती : मन लागेल तेव्हा काम करू, असे म्हणत न थांबता रुग्णाने आधी एखादे लहानसे काम हाती घ्यावे, आणि मन मागाहून येऊ द्यावे.

काम ही गोष्ट चिमूरकरांना निराळी समजावून सांगण्याचे कारण नाही. शेजारच्या वरोरा तालुक्यात आनंदवन आहे. समाजाने टाकलेल्या कुष्ठरुग्णांच्या हातांना काम देऊनच बाबा आमटे यांनी ते उभे केले. कुष्ठरोग आणि मनोविकार यांची तुलना सर्वस्वी जुळणारी नाही; तरीही जंतू मेल्यानंतर उरणारा बहिष्कार आणि भ्रम ओसरल्यानंतर उरणारा अविश्वास हे सख्खे भाऊ आहेत. तेंदूपत्त्याच्या हंगामात त्याला जंगलात सोबत नेण्यास कोणी तयार नसते. वाघाच्या भीतीने जिथे टोळीने जावे लागते, तिथे टोळीबाहेर ठेवणे म्हणजे त्याची मजुरीच बंद करणे होय.

घरच्यांविषयीही थोडे बोलले पाहिजे. उठताबसता टोमणे, सतत चुका दाखविणे अशा घरात आजार उलटण्याचा धोका वाढतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसले आहे. परंतु हे सांगताना त्या थकलेल्या आईला वा पत्नीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हा अन्याय होईल. तिला कोणी काहीच शिकविलेले नसते. झोप उडणे, जेवण टाळणे, एकट्याने पुटपुटणे ही उलटण्याची पूर्वचिन्हे ‘आशा’ ताईंना ओळखता आली, तर निम्मे काम होईल.

कायद्यांची उणीव नाही. २००१ साली तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत होरपळून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आणि उपचार मिळणे हा हक्क ठरविला. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ पासून गुन्हा आहे. असे असूनही बऱ्या झालेल्या रुग्णांना भिक्षेकरीगृहे व वृद्धाश्रमांत हलविण्याचा प्रकार थांबवा, असे २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला याच महाराष्ट्राला बजावावे लागले. ज्यांना घर घेत नाही त्यांच्यासाठी आपल्याजवळ जागाच नव्हती, असाच त्याचा अर्थ.

चिमूर जिल्हा व्हावा ही मागणी जुनी आहे आणि १९४२ चा वारसा सांगणाऱ्या गावाने ती करावी हे साहजिकही आहे. जिल्हा होईल तेव्हा होवो. तोवर महिन्यातून एका ठरलेल्या बाजाराच्या दिवशी तालुक्याच्याच रुग्णालयात मनोविकारांची तपासणी होणे आणि औषधे न चुकता मिळणे, एवढ्यासाठी नव्या सीमा आखाव्या लागत नाहीत. १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून दूरध्वनीवरून सल्ला मिळतो, ही सोय चांगलीच आहे. मात्र दूरध्वनीतून गोळी येत नाही.

आणि एक लहानशी बाब तहसील कचेरीतल्या मेजावरची. २०१६ च्या कायद्याने मनोविकारजन्य अपंगत्व मान्य केले आहे. प्रमाणपत्र असल्यास निराधार अनुदानासाठी अर्ज करता येतो. ज्याची एकाग्रताच आजाराने हिरावून घेतली आहे त्याने दाखले गोळा करावेत, रांगेत उभे राहावे, त्रुटी राहिली तर पुन्हा यावे, अशी अपेक्षा असते. प्रमाणपत्र तात्पुरते असेल तर त्याची मुदत संपते, आणि मग मजुरी बुडवून पुन्हा चंद्रपूरची एस.टी. धरावी लागते.