दूध पुरत नाही, हे ठरवते कोण?

"डॉक्टर, सूनबाईला दूध पुरत नाही. डबा लिहून द्या." हे बहुधा सासूबाईच सांगतात. बाळंतीण मान खाली घालून बसलेली असते.

कापूस वेचणीच्या दिवसांत अशीच एक जोडी आली. बाळ अडीच महिन्यांचे, दोन दिवसांपासून जुलाब. सासूबाईंना जरा बाहेर बसवून सुनेला विचारले, तेव्हा उलगडा झाला. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. पाजायला बसले की तेवढा कापूस कमी भरतो. म्हणून ती सकाळी पाजून जाई, ते थेट दिवस मावळल्यावर जवळ घेई. मधल्या वेळी बाटलीतून पाणी घातलेले म्हशीचे दूध.

मग दूध आटणार नाही तर काय! बाळ जितके ओढते तितके दूध तयार होते. छाती तासन्‌तास भरलेली राहिली की शरीर आपोआप हात आखडते. आणि जुलाब आले ते त्या बाटलीतून.

दूध पुरते का, हे बाळाच्या रडण्यावरून ठरवू नये. दिवसरात्रीत सहा-सात वेळा लघवी आणि वाढते वजन, एवढे पुरे. डबा लिहायला दोन मिनिटे लागतात, बाळ नीट लागते का हे पाहायला अर्धा तास. आम्ही डॉक्टरही पुष्कळदा दोन मिनिटांचाच मार्ग धरतो. मीही धरलेला आहे.

दुधाच्या डब्यांच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातीला 1992 च्या कायद्याने बंदी आहे. 2017 पासून नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन बाळंतपणांत 26 आठवडे भरपगारी रजा मिळते. पण दहापेक्षा कमी माणसे असतील तिथे ती लागू नाही. शेतमजुरीण कुणाकडे रजा मागणार?

बाळाला जलसंजीवनी दिली, अंगावरचे चालूच ठेवायला सांगितले. रात्री जास्त वेळा पाजावे, त्याने दूध वाढते. कामावर निघण्यापूर्वी स्वच्छ हातांनी, उकळलेल्या स्टीलच्या भांड्यात दूध काढून झाकून ठेवावे. थंड जागी ते चार तास टिकते, उकाड्यात त्याहून कमी. पाजायचे वाटी-चमच्याने.

सासूबाईंना आत बोलावून हेच पुन्हा सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "दुपारी मीच नेते की त्याला बांधावर. रान काय लांब नाही."

आठ दिवसांनी वजनाला या म्हटले.