घडी उलगडायला नऊ सेकंद

खराडीतल्या एखाद्या आयटी पार्कात लिफ्टजवळ उभं राहून मोबाइलमधलं होकायंत्र उघडा. सुई भरकटते. सळया, मोटारी, केबल, सगळ्यांचा तिच्यावर परिणाम होतो. पुण्यात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र चाळीस हजार नॅनोटेस्लांहून अधिक, तरी ही गत! मग 15 लाख किलोमीटरवर, एल-1 बिंदूपाशी, सौरवाऱ्यासोबत आलेलं जेमतेम पाचेक नॅनोटेस्लांचं क्षेत्र मोजायचं कसं? मोजणारं यान स्वतःच विजेवर चालतं.

उपाय जुना आहे: गोंगाटापासून लांब जायचं. मुंबईच्या ट्राम विजेवर धावणार हे दिसू लागलं, तेव्हा कुलाब्याच्या चुंबकीय नोंदींसाठी 1904 मध्ये अलिबागला वेधशाळा सुरू झाली. एल-1कडे जाणाऱ्या आदित्य-एल1 यानाच्या चुंबकमापकाला तर यानापासून लांब जायचंय, पण आधी रॉकेटच्या टोपणात मावायचंही आहे.

म्हणून इस्रोनं चुंबकमापकासाठी कार्बन फायबरचा सहा मीटरचा दांडा केला. पाच तुकड्यांचा, सुताराच्या घडीच्या मोजपट्टीसारखा. सांध्यांत स्प्रिंग, आणि ही दाबलेली घडी केव्हलारच्या दोरीनं जखडलेली. 2 सप्टेंबर 2023ला यान निघालं. चार महिन्यांहून अधिक काळ दांडा मिटलेलाच होता. 11 जानेवारी 2024ला हुकूम गेला, तापलेल्या कटरनं दोरी कापली आणि सुमारे नऊ सेकंदांत सगळे सांधे जागेवर बसले. एक मापक तीन मीटरवर, दुसरा टोकाशी. दोघांच्या आकड्यांतल्या फरकावरून यानाचं स्वतःचं क्षेत्र किती, ते काढून वजा करता येतं. मला या रचनेतलं सर्वांत देखणं हेच वाटतं.

अवघड असते ती चाचणी. अवकाशात स्वतःचं वजन पेलावं न लागणारा हलका दांडा जमिनीवर वाकतो, म्हणून आधार देऊन गुरुत्वाकर्षण जमेल तितकं निष्प्रभ करावं लागतं. आणि वर काही अडकलं तर ढकलायला कुणी नसतं. गुरूकडे निघालेल्या गॅलिलिओ यानाचा छत्रीसारखा 4.8 मीटरचा अँटेना 1991 मध्ये अर्धवटच उघडला. काड्यांवरचं वंगण बहुधा ट्रकच्या प्रवासांत झिजलं होतं. मोहीम पुढे छोट्या अँटेनावर, अगदी संथ गतीनं माहिती पाठवत चालली.

पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेत घडलेली ‘सूट’ ही अतिनील दुर्बीणही आदित्यवरच आहे. तिच्या तोंडावरचं झाकण साधं दिसतं, पण उघडलं नाही तर दुर्बीण आंधळी.

निसार उपग्रहाच्या वेळी घाई नव्हती. ऑगस्ट 2025 मध्ये त्याचा नऊ मीटरचा दांडा मोटारींनी एकेक सांधा करत काही दिवसांत सरळ झाला. तो नीट बसल्याची खात्री पटल्यावरच, 15 ऑगस्टला, टोकावरची बारा मीटरची जाळीदार तबकडी उघडली.