काळी एक की काळी चार? मराठी मुलखातल्या वृंदगानाचा आढावा

नागपूरच्या नंदनवनातल्या जगनाडे चौकातून दिवसभर शहर धावत असते. संताजी जगनाडे महाराजांची ओळख तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे अशी. पण ते टाळकरीही होते. तुकोबांच्या कीर्तनात मागे उभे राहून धृपद उचलणाऱ्या चौदा जणांपैकी एक. मुख्य गायकाचे नाव घरोघरी आणि मागचे निनावी, हा आपल्याकडचा रिवाज. संताजींचे नाव टिकले तेही लेखणीमुळे, टाळामुळे नव्हे. पुढे तबकडीवर आणि चित्रपटाच्या श्रेयनामावलीत हाच मागचा माणूस ‘आणि कोरस’ झाला.

एरवी एकत्र गाण्यात हा मुलूख कुणाला हार जाणार नाही. दिंडीत मधोमध विणेकरी, दोन्ही बाजूंना समोरासमोर टाळकऱ्यांच्या रांगा आणि सोबत मृदंग. चोपदाराने दंड उंचावला की शेकडो गळे जागच्या जागी थांबतात. विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरीच्या साथीने सामुदायिक प्रार्थना गावोगाव नेली. ‘ग्रामगीते’त तिच्यासाठी वेगळा अध्याय आहे. १४ ऑक्टोबर १९५६च्या धम्मदीक्षेनंतर त्रिशरण-पंचशील एका सुरात म्हणणारे जनसमुदाय नागपूरने पाहिले आणि भीमगीतांच्या गायन पार्ट्या वस्त्यावस्त्यांत रुजल्या. तिकडे मुंबईत १९४४च्या सुमारास अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने कामगारांना गाते केले, तर राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने वसंत बापटांसारख्या कवीच्या लेखणीतून समूहगीताला रंगमंचावर आणले. शाळांसाठी भारत विकास परिषदेची राष्ट्रीय समूहगान स्पर्धा १९६७पासून चालत आली आहे.

हे सारे गाणे मात्र एका चालीचे. पन्नास जण असोत की पाच हजार, सगळे एकच ओळ गातात.

आणि तिथेच पट्टीची पंचाईत सुरू होते. बाप्यांचा गळा साधारण पेटीच्या काळी एक पट्टीला सुखात असतो, बायकांचा काळी चार-पाचला. मिश्र मंडळ बसले की पेटीवाला बिचारा पांढरी तीन-चारच्या आसपास तडजोड काढतो. मग अंतऱ्यात पुरुषांचा तार षड्ज चिरकतो आणि मंद्रात उतरताना बायकांचा आवाज ऐकू येईनासा होतो. कोणत्याही गणेशोत्सवातल्या समूहगीताच्या तालमीत हा वाद ऐकायला मिळतो. त्यावर नेहमीचा तोडगा म्हणजे मंडळेच वेगळी करणे. म्हणून गावोगाव महिला भजनी मंडळ वेगळे आणि पुरुषांचे वेगळे.

युरोपातल्या चर्चने हा पेच दुसऱ्या वाटेने सोडवला. सगळ्यांनी एकच ओळ गाण्याची सक्तीच काढून टाकली. बायकांच्या उंच आवाजाला सोप्रानो, खालच्याला आल्टो. पुरुषांच्या उंच आवाजाला टेनर, खर्जातल्याला बास. चौघांच्या चार ओळी, चारही वेगळ्या, आणि त्या एकमेकींवर बसल्या की स्वरसंवाद तयार होतो. याचा छोटा अवतार म्हणजे चेंबर क्वायर: वीस-पंचवीस माणसे, बहुतेकदा वाद्यांशिवाय, प्रत्येकाच्या हातात लिहिलेले स्वरलेखन आणि समोर संचालक. मोठ्या गायकवृंदात एखादा कच्चा गळा खपून जातो. इथे एका ओळीला पाच-सहाच जण असल्याने कुणालाच लपायला जागा नसते.

ही कल्पना आपल्या कानाला परकी आहे, असे मानण्याचे कारण नाही. तंबोऱ्याची खर्जाची तार नीट जुळली की कुणीही न छेडलेला गंधार तिच्यातून आपोआप ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. षड्ज, गंधार, पंचम एकदम वाजणे म्हणजेच पाश्चात्त्यांचा मेजर कॉर्ड. वाद्याविना गाणारा चांगला वृंद पेटीच्या समान अंतराच्या पट्ट्या सोडून याच शुद्ध गंधाराकडे झुकतो. अडचण आहे ती मींड आणि गमकेची. एक गळा स्वरावरून स्वरावर घसरत जातो तेव्हा रंगत येते. चार ओळी एकाच वेळी घसरू लागल्या तर नुसता गलका होतो.

मराठी-कोकणी पट्ट्यात या गाण्याचे सर्वांत जुने घर गोवा. १५४५पासून तिथे चर्चला जोडलेल्या शाळा निघाल्या आणि अक्षरओळखीबरोबर मुलांना स्वरवाचन, गायन आणि व्हायोलिन शिकवले जाऊ लागले. त्याचे फळ लोकसंगीतातही दिसते: मांडो हा दोन सुरांत गायचा प्रकार, वरच्या सुराला खालचा सूर तिसऱ्या-सहाव्या स्वरांच्या अंतराने सोबत करतो आणि ताल घुमटाचा. मजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८मध्ये मुंबईत मोठा वाद्यवृंद उभारून लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना त्यासोबत गायला लावले. धर्मगुरू आणि संगीतज्ञ लुर्दिनु बार्रेतु यांनी कला अकादमीच्या पाश्चात्त्य संगीत विभागातून पुढची पिढी घडवली. अलीकडे गोवा विद्यापीठात अँथनी गोन्साल्विस यांच्या नावाच्या अध्यासनावर आलेल्या सांतियागो लुसार्दी जिरेल्ली यांनी २०१३मध्ये विद्यापीठाचा गायकवृंद उभा केला.

नागपूरचा धागाही या गोष्टीत आहे, जरा आडवळणाने. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९०च्या दशकाच्या आरंभी नागपुरात आप्पासाहेब बुटींकडे काम करीत होते. १८९३मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबल वाचायला सुचवले आणि १८९५मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी लिहिलेली भजने आणि अभंग मराठी चर्चच्या उपासनेचा कणा झाले. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या ‘स्मृतिचित्रां’मुळे ही कथा मराठी वाचकाला पाठ आहे, तिचा सांगीतिक परिणाम मात्र कमी सांगितला जातो. टिळकांमुळे मराठी चर्चमध्ये दोन परंपरा शेजारी बसल्या: एका बाजूला चार सुरांतली पाश्चात्त्य स्तोत्रे, दुसऱ्या बाजूला पेटी-तबल्यावरची एकसुरी भजने. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) कॅथलिक मिस्साही स्थानिक भाषांत होऊ लागली आणि वसईपासून विदर्भापर्यंत मराठी गीतांची गरज आणखी वाढली.

चर्चबाहेरच्या हौशी वृंदगानाची खरी कहाणी मुंबईची. आकाशवाणीत काम केलेल्या व्हिक्टर परंज्योती यांनी १९५६मध्ये परंज्योती अकॅडमी कोरस सुरू केला. नोकरी-धंदा सांभाळून संध्याकाळी तालमीला येणारी माणसे, आणि कार्यक्रमात युरोपीय रचनांसोबत भारतीय बाजाच्या रचना. परंज्योतींची ‘द्रविडियन डिथिरॅम्ब’ ही विनावाद्य रचना परदेशातले गायकवृंदही गातात. १९६७मध्ये ते गेले. अशा वेळी हौशी संस्था बहुधा संस्थापकाबरोबरच आटोपते. इथे कूमी वाडिया यांनी संचालनाची सूत्रे हाती घेतली, आणि काही दशके सोडली नाहीत. वृंदाने परदेश दौरे केले, अनेक भाषांतली गाणी बसवली. कूमीबाईंना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. आल्फ्रेड डिसूझा यांच्या स्टॉप-गॅप्स या वृंदाने नाताळच्या आधी एनसीपीए या कलाकेंद्रात भरणारा सणाच्या गाण्यांचा महोत्सव मुंबईकरांच्या सवयीचा केला.

मुंबईबाहेरही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. मद्रास म्युझिकल असोसिएशन १८९३पासूनची. रुमा गुहाठाकुरता यांनी १९५८मध्ये कलकत्ता यूथ क्वायर काढला तेव्हा सोबत सलील चौधरी आणि सत्यजित राय होते. चेन्नईत एम. बी. श्रीनिवासन यांनी भारतीय भाषांतल्या वृंदगानाला आयुष्य दिले. आणि २००१मध्ये नील नाँगकिनरिह यांनी सुरू केलेल्या शिलाँग चेंबर क्वायरने २०१०मध्ये चीनमधल्या जागतिक वृंदगान स्पर्धेत सुवर्णपदके जिंकली, त्याच वर्षी टीव्हीवरची ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ जिंकली आणि हिंदी चित्रपटगीते चार सुरांत घराघरांत पोचवली. तोवर ‘क्वायर’ म्हटले की चर्चच, असा समज होता. तो त्या एका वर्षात ढिला झाला.

अशा वृंदाची तालीम जवळून पाहण्यासारखी असते. सुरुवातीची वीस मिनिटे गाणे नसतेच. ओठ मिटून ‘म्’काराचा गुंजारव, मग आ-ए-ई-ओ-ऊ. सगळ्यांचा ‘आ’ एका आकाराच्या तोंडातून निघाला नाही तर सूर बरोबर असूनही बेसूर वाटते. मराठी शब्द आले की आणखी काम. ‘विठ्ठल’ म्हणताना वीस जणांचा ‘ठ्ठ’ एकाच क्षणी पडला तर तो पखवाजाच्या थापेसारखा घुमतो. मागेपुढे झाला तर जिन्यावरून वाटाण्याचे पोते सांडल्यासारखे ऐकू येते. श्वास सगळ्यांनी एकदम घ्यायचा नसतो. शेजाऱ्याने घेतला की आपण धरायचा, आपण घेतला की त्याने, म्हणजे लांबलचक स्वर कुठेही न तुटता चालू राहतो. सर्वांत अवघड जागा आल्टोची. तिला कित्येक मात्रा पंचमावरच मुक्काम करायचा असतो आणि कानाशी सोप्रानो मूळ चाल गात असते. लहानपणापासून भजनात ‘पुढच्याचे ऐकून मागे म्हण’ हेच शिकलेला कान तिकडे ओढला जाणारच. ऐकायचे आणि तरीही न ऐकता आपले गायचे, हे जमायला काही महिने लागतात.

माणसे मिळवणे हे यापुढचे संकट. सोप्रानो सहज मिळतात. शाळेत, गाण्याच्या क्लासात, सुगम संगीताच्या स्पर्धांत मुलीच जास्त. पुरुष कमी, आणि जे येतात त्यांतले बहुतेक मधल्या जाडीच्या आवाजाचे, ना धड टेनर ना धड बास. टेनर तर जगभरातल्या हौशी वृंदांत दुर्मीळ. एखादा सापडला की चार ठिकाणांहून बोलावणे येते. आवाजाच्या चाचणीत मोठी तान कुणी विचारत नाही. सरळ स्वर किती वेळ हलू न देता धरता येतो, पेटीवर वाजवलेले चार स्वर तसेच परत म्हणता येतात का, शेजारच्या आवाजात आपला आवाज मिसळता येतो का, एवढेच पाहतात. त्यामुळे स्पर्धा गाजवणारा गायक कधी कधी नापास होतो आणि भजनी मंडळात तिसऱ्या रांगेत बसणारे काका पास होतात. नागपुरात आणखी एक गळती आहे: विशीतली मुले शिक्षण-नोकरीसाठी पुणे, हैदराबाद, बंगळुरूला जातात. आवाज फुटून स्थिरावतो न स्थिरावतो तोच गाडीचे तिकीट निघते. म्हणून हौशी वृंदाला नवे गायक शोधण्याचे काम दरवर्षी करावे लागते.

कार्यक्रमांचे गणितही वेगळे. रेशीमबागेत, म्हणजे नंदनवनच्या शेजारीच, २०१७मध्ये कविवर्य सुरेश भट सभागृह उघडले. सुमारे दोन हजार आसनांचे. शहराच्या अभिमानाची वास्तू, पण वीस जणांच्या विनावाद्य गाण्याला ती फार मोठी. तिथे माइक लावावे लागतात, आणि प्रत्येकाच्या तोंडाशी माइक आला की एकजीव झालेला आवाज पुन्हा वीस तुकड्यांत फुटतो. अशा गाण्याला हवी उंच छताची, दगडी भिंतींची, दोन-तीनशे माणसांची जागा, जिथे शेवटचा स्वर थांबल्यावरही क्षणभर घुमत राहतो. जुनी चर्च आणि कॉलेजांची जुनी सभागृहे त्यासाठी सोयीची.

ध्वनिमुद्रणाचे तर नागपुरी संकट आहे. वृंदाचे मुद्रण स्टुडिओत एकेकाला बसवून होत नाही. सगळ्यांना अर्धवर्तुळात उभे करून समोर दोन चांगले माइक लावले की पुष्कळ झाले. पण माइकला पंख्याची घरघर ऐकू येते आणि कूलरची तर हमखास. मे महिन्यात दोन्ही बंद करून गायचे म्हणजे शिक्षाच. त्यामुळे इथे मुद्रणाचा मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि वेळ रात्री रहदारी ओसरल्यावरची. दुसरी गंमत वाद्य नसल्याची. दहा मिनिटे गाऊन झाल्यावर पेटीचा स्वर दाबून पाहिला की कळते, अख्खा वृंद मिळून पाव सुराने खाली घसरलेला असतो. कुणा एकाचा दोष नसतो. सगळे इमानाने एकमेकांना धरूनच खाली आलेले असतात. मग पुन्हा पहिल्यापासून.

या साऱ्याचा हिशेब मांडला तर एक गोष्ट ठळक दिसते. महाराष्ट्राला गळ्यांची कधीच वाण नव्हती. वाण आहे ती मधल्या सुरांना किंमत देण्याच्या सवयीची आणि स्वरलेखन वाचायला शिकवणाऱ्या शिक्षकांची. गोव्यात शाळेने ती शिकवण दिली म्हणून तिथे पिढ्यांमागून पिढ्या गात राहिल्या. मुंबईत एका माणसाच्या ध्यासावर वृंद उभा राहिला आणि दुसऱ्या व्यक्तीच्या चिकाटीवर टिकला. समूहगान स्पर्धेत दरवर्षी शाळाशाळांतून मुले उतरतात, ती सारी एकच चाल गातात आणि दहावीनंतर गाणे सोडतात. त्यांतल्या काहींना आठवीतच दुसरा सूर धरायला शिकवले, तर पाच वर्षांत शहराच्या प्रत्येक भागात एक छोटा वृंद उभा राहू शकतो.

नंदनवनसारख्या वस्तीत साहित्य तयार आहे: भजनी मंडळे, केडीकेसारखे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि त्यातली गाणारी मुले, आजूबाजूच्या शाळा. भजनी मंडळांनी येत्या आषाढीसाठी आपल्या नेहमीच्या भजनांतले एकच निवडावे. चाल बायकांकडे ठेवावी, पुरुषांना खालची दुसरी ओळ द्यावी आणि आठवड्यातून एक संध्याकाळ त्यासाठी राखावी. पट्टीवरून वाद झालाच, तर या वेळी काळी चार घ्या. बाप्ये आपली वेगळी ओळ गाणार असल्याने त्यांची तक्रार उरणार नाही.