क्रीडाविश्वातील धनसंचय व धनक्षय : नियमस्वामित्वाच्या दृष्टीने एक विवेचन

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात असलेल्या मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावास वनहक्क अधिनियम, २००६ अन्वये २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क प्राप्त झाला. त्या वनात बांबू होता व तो गौण वनोपज असल्याचे अधिनियमात नमूद होते. तथापि तो बाहेर नेऊन विकण्यास लागणारा वाहतूक परवाना वनखात्याच्या हाती राहिल्यामुळे हक्क असूनही विक्री अशक्य होती. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. बांबू तोच, वन तेच, तोडणारेही तेच. परवान्यावर सही करणारा हात मात्र बदलला आणि त्याबरोबर बांबूचे संपत्तीत रूपांतर झाले.

यावरून अर्थशास्त्रातील एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. संपत्तीचे मूल्य दुर्मिळतेवर अवलंबून असते. पण ती दुर्मिळता कोण ठरवितो? वनात निसर्ग, श्रम आणि कायदा हे तिन्ही घटक एकमेकांत इतके गुंतलेले असतात की कायद्याचा वाटा वेगळा काढून दाखविणे कठीण जाते. ज्या ठिकाणी निसर्गाचा वाटा शून्य आहे व दुर्मिळता सर्वस्वी नियमाने निर्माण केलेली आहे, असे एक क्षेत्र गेल्या पाव शतकात अभ्यासास उपलब्ध झाले आहे. ते म्हणजे सहस्रावधी खेळाडू एकाच वेळी ज्यांत भाग घेतात त्या ऑनलाइन खेळांतील अर्थव्यवस्था. एडवर्ड कॅस्ट्रोनोवा या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने २००१ च्या अखेरीस ‘एव्हरक्वेस्ट’ या खेळातील नॉराथ नामक काल्पनिक देशाचे दरडोई उत्पन्न सुमारे २२६६ डॉलर असल्याचे अनुमान मांडले. खेळातील वस्तू व नाणी खेळाडू परस्परांना खऱ्या पैशाने विकत होते, हा त्याच्या अनुमानाचा आधार होता.

अशा खेळात धनसंचय कसा होतो? त्याचे मार्ग आपल्या आठवडी बाजारास अपरिचित नाहीत. मोहफुले हंगामात स्वस्त घ्यावीत आणि पुढे टंचाईच्या दिवसांत चढ्या भावाने विकावीत, हा व्यापाऱ्याचा व्यवहार चंद्रपूर-गडचिरोली भागात सर्वांच्या परिचयाचा आहे. आइसलंडमधील कंपनीने २००३ साली सुरू केलेल्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळविषयक खेळात हेच घडते. दूरच्या प्रदेशात स्वस्त मिळणारे खनिज जिटा नामक मध्यवर्ती पेठेत आणून विकणे, कच्च्या मालापासून याने बांधणे, एखाद्या वस्तूचा सर्व साठा खरेदी करून भाव चढविणे, असे उद्योग करून खेळाडूंनी मोठे धन जमविले आहे. या व्यवहाराची व्याप्ती एवढी वाढली की कंपनीने २००७ साली एका अर्थशास्त्रज्ञाची नेमणूक केली.

धनक्षयाचे मात्र तीन प्रकार स्पष्टपणे वेगळे करावे लागतात.

पहिला प्रकार स्पर्धेतील हानीचा होय. २७ जानेवारी २०१४ रोजी ‘ईव्ह’मध्ये एका प्रदेशाचे देयक वेळेवर भरले गेले नाही. त्यामुळे त्यावरील ताबा सुटला आणि सुरू झालेले युद्ध सुमारे एकवीस तास चालले. त्यात ‘टायटन’ जातीची ७५ महाकाय याने नष्ट झाली. एकूण हानी तीन लक्ष डॉलरांहून अधिक असल्याचे अनुमान केले गेले. ही हानी प्रचंड असली तरी ती सर्वांना आधीच ठाऊक असलेल्या नियमांच्या चौकटीत झाली.

दुसरा प्रकार चलनाच्या अतिपुरवठ्याचा. व्हिएतनाममधील कंपनीच्या ‘ॲक्सी इन्फिनिटी’ या खेळात जिंकणाऱ्यास एक चलन मिळे आणि खेळातील नवे प्राणी निपजविण्यात ते खर्ची पडे. नवे खेळाडू येत होते तोवर प्राण्यांना मागणी होती. २०२१ च्या जुलैमध्ये त्या चलनाचा एक नग सुमारे ३५ अमेरिकन सेंटांस विकला जात होता व फिलिपाईन्समधील अनेक कुटुंबे त्यावर उपजीविका करू लागली होती. पुढे नव्यांचा ओघ आटला. चलन निर्माण होत राहिले, त्याचा खप मात्र उरला नाही. २०२२ च्या मध्यापर्यंत भाव एका सेंटाच्याही खाली गेला.

तिसरा प्रकार नियमबदलाचा असून प्रस्तुत विवेचनात तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘काउंटर-स्ट्राइक’ या खेळात शस्त्रांवरील रंगीत आवरणांचा मोठा बाजार आहे. त्यांतील सुऱ्या केवळ योगायोगाने मिळत. म्हणून काहींची किंमत हजारो डॉलरांवर गेली होती. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीने एक नवा नियम केला : त्याखालच्या श्रेणीतील पाच वस्तू देऊन एक सुरी अथवा हातमोजे घेता येतील. सुऱ्यांचे भाव तत्काळ कोसळले आणि खालच्या श्रेणीतील वस्तूंचे भाव चढले. भावांची नोंद ठेवणाऱ्यांच्या अंदाजाप्रमाणे बाजाराचे एकूण मूल्य दोनएक दिवसांत सुमारे दोन अब्ज डॉलरांनी घटले. एकही सुरी नष्ट झाली नव्हती. नाहीशी झाली होती ती दुर्मिळता. अशा खेळांच्या करारान्वये खेळाडूस सामान्यतः वापराची अनुज्ञा मिळते, स्वामित्व मिळत नाही. त्यामुळे ज्याने वर्षानुवर्षे साठा केला त्यास दाद मागण्यास फारशी जागा उरत नाही.

या ठिकाणी पुन्हा वनाकडे वळणे उद्बोधक ठरेल. गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा तेंदूपानांचा लिलाव आता स्वतः करतात. एका पुड्यात ७० पाने व एका प्रमाण गोणीत १००० पुडे, असे हे मोजमाप आहे. २०१७ साली लिलावातील भाव अत्यंत चढले आणि २०१८ साली ते खाली आले. नियमाचा अधिकार हाती आल्याने बाजाराच्या चढउतारापासून संरक्षण मिळते असे नाही, हे यावरून स्पष्ट होते. परंतु भाव उतरला तरी पाने तोडण्याचा व विकण्याचा हक्क शाबूत राहिला आणि पुढील हंगामात पुन्हा लिलाव मांडता आला. बाजारातील हानी ही हंगामाची हानी असते. नियमातील हानी ही अधिकाराची हानी असते.

तात्पर्य, क्रीडाविश्वातील संपत्ती खोटी आहे असे म्हणून तिची उपेक्षा करणे शास्त्रीय दृष्ट्या योग्य नव्हे. तिच्यामागील श्रम खरे असतात, तिचे भाव खरे असतात आणि तिच्या नाशाने होणारे नुकसानही खरे असते. तिचा दुबळेपणा दुसऱ्या ठिकाणी आहे : जो ती मिळवितो त्याचा तिच्या नियमांवर कोणताही अधिकार नसतो. २०११ पूर्वी मेंढ्याच्या बांबूची स्थिती याहून फारशी निराळी नव्हती. म्हणून कोणत्याही संपत्तीचे मोजमाप करताना ती किती आहे यासोबतच तिचे परवान्यांचे पुस्तक कोणाच्या हाती आहे, हेही अभ्यासकाने विचारले पाहिजे.